छोट्या ट्रॅक्टरचा एसी पंप : किट मिळेना, कोणी घरी उघडून बसवलाय का?

कुळागर_सावईवेरे | ११ एप्रिल, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज अडलंय म्हणून लिहितो.

आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) एक लहान ट्रॅक्टर आहे. अमेरिकन, व्हील हॉर्स, रंग लाल (होता). मामा बहारीनला होते, तिथे एका बंगल्याच्या बागेत हा चालायचा. मालकाने नवा घेतला तेव्हा मामांनी जुना मागून घेतला आणि कायमचे परत येताना सामानाबरोबर बोटीने आणला. मामी अजून ऐकवते, लोक गल्फातून सोनं आणतात, ह्यांनी गवत कापायचं यंत्र आणलं. गवत त्याने इथे कधी कापलंच नाही. पोफळींच्या ओळींमधून नारळ-सुपारीची ट्रॉली ओढायची आणि मे अखेर बोर्डोचा फवारणी पंप फिरवायचा, एवढीच त्याची नोकरी. पॉवर टिलर जिथे वळत नाही तिथे हा वळतो, म्हणून जीव.

मॉडेलची पट्टी गंजून गेली आहे. इंजिन कोहलर के-३०१, एक सिलिंडर, १२ हॉर्सपॉवर, बिडाचा ब्लॉक. दुखणं असं : सकाळी चोकवर छान सुरू होतो, रिकामा असेपर्यंत तक्रार नाही. ट्रॉली भरून चढ चढायला लागला की दहा मिनिटांत धापा टाकतो आणि बंद. अर्धा तास थांबलं की परत सुरू. कार्बोरेटर दोनदा साफ केला, फिल्टर नवा, पाइप नवा.

आणखी एक विचित्र गोष्ट. रविवारी डिपस्टिक पाहिली तर ऑइल खुणेच्या वर. मी महिनाभरात एक थेंब घातलेला नाही!

फोंड्यातला आमचा मेस्त म्हणतो, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा हा एसी पंप उपटून फेक आणि बॅटरीवरचा लाव. मला मूळचाच ठेवायचा आहे. त्याच्या दुरुस्तीचं किट कुठे मिळेल?

म्हापशेकर | ११ एप्रिल, रात्री ९.३५

टाकीच्या झाकणाचं भोक बघितलं का? बारीक भोक असतं, त्यात कुंभारमाशी घर करते. हवा आत शिरत नाही म्हणून टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल यायचं थांबतं. अर्ध्या तासात हवा हळूहळू शिरते, गाडी परत चालू. माझ्या स्कूटरने मला दोन महिने असंच नाचवलं होतं. झाकण सैल ठेवून चालवून बघा.

पिस्टनबाबा | ११ एप्रिल, रात्री ९.५२

शीर्षक वाचून वाटलं कोणी एसी दुरुस्तीचं विचारतंय 😄

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एसी हा पंप बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का. ॲम्बेसेडरच्या काळापासून आपल्या गॅरेजांत कुठल्याही मेकॅनिकल पेट्रोल पंपाला एसी पंपच म्हणतात.

माझं मत, कार्बोरेटरची फ्लोट नीडल (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय. पेट्रोल वरून सिलिंडरमध्ये आणि रिंगांतून खाली ऑइलमध्ये. नीडल बदला, पंपाला हात लावू नका.

निवृत्त_फिटर | ११ एप्रिल, रात्री १०.२०

सावईवेरेवाले, आधी एक काम करा. उद्या सकाळी ट्रॅक्टर सुरू करू नका. झाकण, नीडल, किट सगळं नंतर.

डिपस्टिक काढून नाकाला लावा. मग तिच्यावरचा एक थेंब टिश्यू पेपरवर टाका. ऑइल असेल तर डाग दाट राहतो. पेट्रोल मिसळलं असेल तर भोवती पातळ कडा भराभर पसरते आणि वास लपत नाही.

घाई का करतोय ते सांगतो. या के सीरिजच्या एका सिलिंडरवाल्या इंजिनांत ऑइल पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खाली एक लहानसा पळा असतो, तो ऑइलमध्ये बुडून सगळीकडे शिंपडतो. रॉड ॲल्युमिनियमचा, आणि क्रँकवर तो थेट फिरतो, मध्ये वेगळी बेअरिंग नाही. जेमतेम दोन लिटर ऑइलवर सगळा संसार. त्यात पेट्रोल गेलं की ऑइल पाणी होतं आणि रॉड क्रँकला चिकटतो. तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलेला मी पाहिला आहे. शिवाय ऑइलच्या चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ साठते ती वेगळीच भीती.

नीडल की पंप, हे एका प्रश्नात कळेल. टाकी कुठे आहे? कार्बोरेटरच्या वर की खाली?

कुळागर_सावईवेरे | १२ एप्रिल, सकाळी ७.०५

काका, वास आला. डिपस्टिक काढल्याबरोबर. डागाचंही तुम्ही म्हणालात तसंच झालं.

टाकी सीटखाली आहे, कार्बोरेटरपेक्षा चांगली वीतभर खाली.

म्हापशेकर, झाकण सैल ठेवून पाहिलं होतं, फरक नाही. भोकात माशी नव्हती पण रंग होता. तोही माझ्याच हातचा, मागल्या वर्षीचा.

निवृत्त_फिटर | १२ एप्रिल, सकाळी ७.४०

मग बहुधा पंपच. टाकी खाली असेल तर उभ्या ट्रॅक्टरात पेट्रोल आपोआप वर चढत नाही, नीडल कितीही गळकी असो. टाकी वर असती तर पिस्टनबाबांचं पहिलं धरलं असतं. रात्रभर थेंब थेंब करून ऑइलची पातळी वाढते ती तशा गाड्यांत.

आता चालू इंजिनात नीडल गळली असती तर? तर काळा धूर, ओला प्लग, पेट्रोल जास्त झाल्याची सगळी लक्षणं दिसली असती. तुमचा ट्रॅक्टर तर उपाशी मरतोय. वर पेट्रोल पोचत नाही आणि खाली ऑइलमध्ये सापडतंय, मग मधे फाटलंय काय? पंपातला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा.

पिस्टनबाबा | १२ एप्रिल, सकाळी ८.१५

टाकीचं ठिकाण विचारायला हवं होतं, चुकलो. माघार.

नवशिक्या_पेडणे | १२ एप्रिल, सकाळी ९.००

हा पंप चालतो तरी कसा? ना वायर, ना बेल्ट. माझ्याकडे असलाच एक जुना ट्रॅक्टर पडून आहे, म्हणून विचारतो.

दर्यावर्दी | १२ एप्रिल, दुपारी १२.३०

जहाजाच्या इंजिन रूममध्ये जन्म गेला, तर हे मी सांगतो. तळहातावर मावेल एवढा पंप आहे पण डोकं भारी लढवलंय.

पंप ब्लॉकच्या बाजूला दोन बोल्टांवर बसतो. त्याचा लिव्हर आत जाऊन कॅमशाफ्टला, म्हणजे उंचवटे (कॅम) असलेल्या फिरत्या दांड्याला, टेकतो. कॅमने लिव्हर ढकलला की तो डायफ्रॅम ओढतो आणि टाकीतून पेट्रोल शोषलं जातं. इथपर्यंत सोपं. गंमत पुढे आहे. पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकलायचं काम लिव्हर करत नाही, डायफ्रॅमखालची स्प्रिंग करते. कार्बोरेटरची वाटी भरली, नीडल बंद झाली, की स्प्रिंगला डायफ्रॅम वर नेता येत नाही. तो खालीच थांबतो आणि लिव्हर नुसता मोकळा हलत राहतो. म्हणजे इंजिन कितीही पळवा, पेट्रोलचा दाब स्प्रिंग ठरवते. वाटी रिकामी होईल तेवढंच पेट्रोल जातं, त्याला वेगळी टाकीकडे परतीची नळी लागत नाही.

म्हणून आधीच बजावतो, पेट्रोल कमी येतंय म्हणून स्प्रिंग ताणून लांब करू नका. लहान इंजिनाच्या पंपाचा दाब अगदी थोडा असतो, नीडल तेवढ्यालाच धरते. स्प्रिंग ताणली की नीडल हार मानते आणि मग पिस्टनबाबांचं निदान खरं ठरतं!

कारबाज | १२ एप्रिल, दुपारी ३.४५

एवढं पुराण कशाला? इलेक्ट्रिक पंप लावा, मूळ पंपाच्या जागी पत्र्याची चकती मारा, अर्ध्या तासाचं काम. लोक भावनेच्या भरात वेळ घालवतात.

निवृत्त_फिटर | १२ एप्रिल, सायं. ५.१०

लावणारे लावतात, पाप नाही. फक्त कारच्या इंजेक्शनचा पंप आणून लावू नका, त्याच्या दाबापुढे ही नीडल क्षणभर टिकायची नाही. कार्बोरेटरसाठीचा कमी दाबाचाच हवा. दुसरं, इंजिन बंद पडलं आणि चावी चालू राहिली तर इलेक्ट्रिक पंप ढकलतच राहतो. मोठ्या गाडीत ऑइल प्रेशरचा स्विच लावून तो तोडता येतो. इथे ऑइलला प्रेशरच नाही, स्विच लावणार कुठे? मेकॅनिकल पंप इंजिनाबरोबर थांबतो. मला तरी तो शहाणा वाटतो.

कुळागर_सावईवेरे | १३ एप्रिल, रात्री ८.३०

आज उघडला. फोटो चढत नाहीत, शब्दांतच सांगतो.

काढायच्या आधी खात्री केली. कॉइलची वायर काढून ठेवली, कार्बोरेटरकडचा पाइप सोडून बाटलीत धरला आणि स्टार्टर मारला. जोराची पिचकारी यायला हवी ना? लहान मूल लाळ गाळतं तसं आलं. दहा-बारा फेऱ्यांत बाटलीचा तळ जेमतेम ओला.

पंपाच्या वरच्या आणि खालच्या भागावरून कानशीने एक आडवी रेघ मारून घेतली, परत जोडताना नळ्यांची तोंडं तिथेच यावीत म्हणून. स्क्रू गंजलेले. एकाचं डोकं गेलं, ड्रिल करून काढला. वरचं झाकण उचललं आणि चूक कुठे आहे ते शोधावं लागलंच नाही. डायफ्रॅम मधल्या चकतीच्या कडेने चंद्रकोरीसारखा फाटलेला. बाकीचा भाग वाळलेल्या आमसुलासारखा, दुमडला की चिरा पडतात. खालच्या खोलीत पेट्रोल आणि ऑइलचा तपकिरी रस्सा.

डायफ्रॅमची दांडी लिव्हरला अडकवलेली असते. दाबून चौथाई फेरा दिला की सुटते. ओढून काढायला गेलो होतो, बरं झालं वेळीच थांबलो.

आता दुसरं दुखणं. लिव्हरची पिन जिथे बसते ती भोकं गोल राहिलेली नाहीत, लंबगोल झाली आहेत. लिव्हर हातात धरून हलवला तर पिनेवर खडखड वाजतो.

व्हॉल्व्ह दोन आहेत, चपटे, सारखेच दिसतात, पण एक सुलटा, एक उलटा. काढू का तसेच ठेवू?

सुपारीवाली | १३ एप्रिल, रात्री ९.१५

भाऊ, व्हॉल्व्ह उगाच काढू नका. ते ठोकून बसवलेले असतात, भोवतीची धातूची कड वळवून. खराब नसतील तर पेट्रोलने धुवा आणि स्वच्छ नळी लावून आधी एका तोंडाने, मग दुसऱ्या तोंडाने हवा फुंकून बघा. एका दिशेने जायला हवी, उलट अडायला हवी. काढावेच लागले तर कुठला कसा बसलाय त्याचं चित्र कागदावर काढून मगच. मी बाबांच्या पेट्रोल जीपचा पंप उघडला तेव्हा एक व्हॉल्व्ह उलटा बसवला आणि तीन दिवस टाकीला, पाइपला, देवाला दोष देत होते.

पिनेचं बारकं समजू नका. कॅमची उंची आधीच थोडी, त्यात पिनेच्या ढिलाईत लिव्हरची अर्धी चाल गेली तर डायफ्रॅम ओढणार किती? रिकाम्या इंजिनाला तेवढं पुरतं. ओझं आलं की नाही. तुमच्या चढावरच्या धापा बहुतेक याच्याच, फाटका डायफ्रॅम नंतर आला असेल.

वाळपईचो_लेथवाला | १३ एप्रिल, रात्री १०.००

पिनेला सोपा उपाय आहे. दोन्ही भोकं एकाच वेळी, सरळ रेषेत, पुढच्या मापाने रीमर मारून गोल करून घ्यायची. लिव्हरचं भोक पण त्याच मापाचं. पिन म्हणून त्या मापाच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग कापून वापरायचा, तो घट्ट असतो आणि मापात असतो. टोकांना पंच मारून पिन कैद करायची, नाहीतर सरकून बाहेर येईल. बॉडी मऊ धातूची आहे, व्हाइसमध्ये लाकडाच्या फळ्या घालून धरा. लोखंडात नुसती धरली की चिरली समजा.

म्हापशेकर | १४ एप्रिल, सकाळी ८.२०

किट नसेल तर डायफ्रॅम सायकलच्या ट्यूबचा कापा. आमच्याकडे शेतावरच्या इंजिनाला लावलेला, वर्षभर चालला.

सुपारीवाली | १४ एप्रिल, सकाळी ८.५०

वर्षभर? ते इंजिन पेट्रोलवर चालत होतं का हो?

म्हापशेकर | १४ एप्रिल, सकाळी ९.०५

…डिझेल होतं. 🙈

दर्यावर्दी | १४ एप्रिल, सकाळी ११.००

ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं. शिवाय त्यात कापड नाही. डायफ्रॅमला मधे विणलेलं कापड लागतंच, नाहीतर स्प्रिंग त्याला फुग्यासारखा ताणते आणि पेट्रोल ढकलायचं राहूनच जातं.

आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे हे विसरू नका. ते जुन्या काळच्या रबराला सोसत नाही, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाण्याशिवाय असतं काय? पाणी जास्त झालं की ते आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाला बसतात, आणि पंप नेमका तळातूनच घेतो. कापड असलेलं नायट्राइल रबर चालेल, व्हायटन रबर मिळालं तर सोन्याहून पिवळं. हायड्रॉलिक सील विकणाऱ्यांकडे विचारा.

कुळागर_सावईवेरे | १८ एप्रिल, रात्री ९.४०

चार दिवस गायब होतो. एकाचं म्हणणं ऐकून दुसऱ्यावर अविश्वास नको, म्हणून घरीच परीक्षा घेतली.

तीन पट्ट्या, प्रत्येकी दोन सेंटिमीटर लांब. पहिली सायकल ट्यूबची. दुसरी मडगावात मिळालेल्या जुन्या कारच्या पंप किटमधल्या डायफ्रॅमची. तिसरी सील विकणाऱ्याने दिलेल्या कापडवाल्या व्हायटनची. तिन्ही लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, वर पंपावरचं पेट्रोल, झाकण घट्ट, आणि बरणी घरापासून लांब गोठ्याच्या मागे सावलीत. दोन दिवसांनी उघडली.

ट्यूब सुपारीच्या वाळक्या पोयीसारखी गुंडाळली होती आणि चांगली वाढली होती. फूटपट्टीवर दोनची जवळजवळ अडीच! चिमटीत धरली तर चिकट. किटवाली किंचित मऊ, लांबीत डोळ्याला फरक नाही. व्हायटनवाली जशी घातली तशीच बाहेर आली, फक्त बरणीचा वास घेऊन.

बरणी मामीने मागितली. दिली नाही. आता ती कायमची माझी.

व्हायटनचा डायफ्रॅम कापला. जुना डायफ्रॅम कागदावर ठेवून भोकांची जागा उतरवली, भोकं चामड्याच्या पंचने पाडली. कात्रीने पाडली तर कडेला चीर राहते आणि तिथूनच फाटतं, असं लेथवाले म्हणाले. दांडीवरच्या जुन्या चकत्या सोडवून नवीन डायफ्रॅम मधे घालून परत रिव्हेट केल्या. पिनही त्यांनीच करून दिली.

सुपारीवाली | १८ एप्रिल, रात्री १०.०५

छान! जोडताना एक विसरू नका. सगळे स्क्रू आधी सैल लावा. मग लिव्हर पूर्ण दाबून धरा, म्हणजे डायफ्रॅम पूर्ण ओढला जाईल, आणि त्याच अवस्थेत समोरासमोरचे स्क्रू घट्ट करा. आधी आवळलं तर डायफ्रॅम तबल्यासारखा ताणून बसतो. मग चाल कमी मिळते आणि पहिल्या आठवड्यात भोकांपाशी फाटतो.

निवृत्त_फिटर | १९ एप्रिल, सकाळी ६.५५

आणि ब्लॉकवर बसवताना जीव जाईल अशी एक चूक आहे. पंप बसायच्या जागेकडे तोंड करून बघितलं की लिव्हर कॅमशाफ्टच्या उजव्या बाजूला यायला हवा. डाव्या बाजूला घालून बोल्ट आवळले तर पंप मोडतो आणि तुकडे आत पडून इंजिनही जातं. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये याचा वेगळा इशाराच दिलेला आहे. आत हात जात नाही, दिसत नाही, त्यामुळे टॉर्च लावून बघा. दोन्ही बोल्ट हाताने आत जायला हवेत, फक्त स्प्रिंगचा थोडा विरोध लागेल. खेचून बसवावं लागतंय असं वाटलं तर थांबा.

ऑइल बदलल्याशिवाय सुरू करू नका. जुनं पूर्ण काढा, तळात राहतं तेही.

कुळागर_सावईवेरे | २० एप्रिल, दुपारी १.१५

बसवला. आणि चालत नाही 😞

टेबलावर उत्तम चालत होता. रॉकेल आता मिळतंय कुठे, म्हणून डिझेलचा डबा घेतला, आत येणाऱ्या नळीला पाइप लावून डब्यात सोडला, लिव्हर हाताने हलवला. सात-आठ हिसक्यांत बाहेरच्या नळीतून टप टप, मग धार. बाहेरचं तोंड बोटाने बंद केलं की लिव्हर मोकळा पडायचा, दर्यावर्दींनी सांगितलं तसंच. ट्रॅक्टरवर बसवला तर बाटलीत काहीच येत नाही. लिव्हर उजव्याच बाजूला आहे, दोनदा पाहिलं. ऑइल नवं.

पिस्टनबाबा | २० एप्रिल, दुपारी १.४०

टाकीकडचा पाइप हवा घेत असेल. शोषणाऱ्या बाजूला चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि फसवतो. पाइप थेट पंपाजवळच्या छोट्या डब्यात सोडून बघा.

(या वेळी नक्की.)

कुळागर_सावईवेरे | २० एप्रिल, दुपारी ३.३०

डबा लावून पाहिला. तेच.

निवृत्त_फिटर | २० एप्रिल, दुपारी ४.००

पंप आणि ब्लॉकमधलं पॅकिंग कसलं घातलंय? किती जाडीचं?

कुळागर_सावईवेरे | २० एप्रिल, दुपारी ४.२०

जुनं काढताना फाटलं. घरात रबर-कॉर्कची शीट होती, साधारण तीन मिलिमीटर, तिचं कापलं. ऑइल गळायला नको म्हणून जाडच घेतलं.

निवृत्त_फिटर | २० एप्रिल, दुपारी ४.२५

तिथेच मेलात. 😀 पॅकिंग जेवढं जाड तेवढा पंप कॅमपासून लांब. लिव्हरची सगळी चाल काही मिलिमीटरांची, त्यातले दोन-तीन तुम्ही पॅकिंगला दान दिलेत. कॅम लिव्हरला नुसता नमस्कार करतोय. साधा गॅस्केट पेपर घ्या, जुनं होतं तेवढ्याच जाडीचा. पेपर अजिबात न घालता शेलॅकवर बसवायचा मोहही नको, मग उलट चाल जास्त होते.

गळती होईल अशी भीती असेल तर पंपाची बैठक तपासा. मऊ धातू बोल्ट आवळून कानांपाशी वाकलेला असतो. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरा, त्यावर पंपाची बैठक आठाच्या आकारात घासा. आधी फक्त दोन कानांशी चमक येईल. सगळीकडे सारखी चमक आली की सपाट झाली.

नवशिक्या_पेडणे | २० एप्रिल, सायं. ६.००

हेच सगळं पॉवर टिलरच्या पंपाला लागू होतं का?

दर्यावर्दी | २० एप्रिल, सायं. ६.२०

टिलर डिझेलचा असेल तर नाही. तिथला इंजेक्शन पंप हा वेगळाच प्राणी, तो घरी उघडू नका. वेगळा धागा काढा.

कुळागर_सावईवेरे | २२ एप्रिल, रात्री ८.१०

मंडळी, चालला.

बैठक घासली. काका, तुम्ही म्हणालात तसंच, पहिल्या दहा मिनिटांत फक्त दोन कानांना चमक, मधला भाग काळाच. अर्ध्या तासाने सगळी सारखी. गॅस्केट पेपर कापला, बोल्ट हाताने लागले, शेवटी लिव्हरने थोडा विरोध केला. तो विरोध मागच्या वेळी लागलाच नव्हता. तेव्हाच कळायला हवं होतं. मी उलट खूश झालो होतो, किती सहज बसला म्हणून.

स्टार्टर मारला, चौथ्या फेरीला बाटलीत पिचकारी. ठोक, ठोक, ठोक, दर दोन फेऱ्यांना एक. कार्बोरेटरला जोडला, प्लगची वायर लावली, सुरू. आज संध्याकाळी नारळाची ट्रॉली पूर्ण भरून वरच्या घळीपर्यंत दोन खेपा केल्या, एकदाही धाप नाही. परत येऊन डिपस्टिक पाहिली, पातळी खुणेवर, वास फक्त ऑइलचा.

मामी व्हरांड्यातून बघत होती. म्हणाली, सोनं आणलं असतं तर एवढा त्रास दिला नसता.

निवृत्त_फिटर | २२ एप्रिल, रात्री ८.४०

शाबास. आता पंधरा दिवस रोज सुरू करायच्या आधी डिपस्टिकचा वास घ्या. आणि पाच-सहा तास चालल्यावर हे ऑइलही बदला, खाचाखोचांत राहिलेलं पातळ ऑइल त्यात मिसळलेलं असणार.

दर्यावर्दी | २२ एप्रिल, रात्री ९.००

पावसाळ्यात पोफळींना दुसरी फवारणी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी करता ना? मधल्या काळात टाकी रिकामी ठेवा. टाकीकडचा पाइप काढा आणि वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोल लागेल तेव्हा ताजं आणा.

कारबाज | २२ एप्रिल, रात्री ९.२०

अकरा दिवस लागले. मी अर्धा तास म्हणालो होतो. असो, अभिनंदन 🙂

कुळागर_सावईवेरे | २२ एप्रिल, रात्री ९.३५

त्यातले दोन दिवस बरणीचे आणि दोन पॅकिंगचे, हे माझ्या नावावर.

व्हायटनच्या शीटमधून आणखी तीन डायफ्रॅम निघतील एवढा तुकडा उरलाय. पेडणेवाले, तुमचा ट्रॅक्टर के सीरिजचाच असेल तर आधी पंप कुठला आहे बघा. धातूचा, स्क्रूवाला असेल तरच हे काम होतं. नंतर आलेले प्लास्टिकचे पंप उघडायचे नसतात, बदलायचेच. धातूचा असेल तर जुना डायफ्रॅम कागदावर ठेवून पेन्सिलने उतरवून पाठवा, मी कापून देतो.

नवशिक्या_पेडणे | २२ एप्रिल, रात्री ९.५०

देव बरें करूं! धातूचाच आहे, स्क्रू मोजले. उद्या उघडतो. आधी कानशीने रेघ, बरोबर?

सुपारीवाली | २२ एप्रिल, रात्री ९.५२

त्याच्या आधी बॅटरीची वायर काढा. मग रेघ.